घर तीस लाखांचं, गाडी अडते दोन लाख सत्तर हजारांवर

आमच्या दुकानाच्या पाटीवर लिहिलंय: भाडेकरार, साठेखत, खरेदीखत, बक्षीसपत्र, हक्कसोड, सूची दोन, सर्च रिपोर्ट. त्याखाली लहान अक्षरात झेरॉक्स आणि पासपोर्ट फोटो. पिंपरी-चिंचवडमध्ये दुय्यम निबंधक कार्यालयाच्या आजूबाजूला अशी दुकानं ओळीनं दिसतील, त्यातलंच एक माझं. मी वकील नाही. वकिलांचा किंवा बिल्डरचा मसुदा टाइप करायचा, ऑनलाइन डेटा एंट्री करायची, चलन काढून द्यायचं, वेळ घ्यायची आणि अंगठे-फोटोसाठी पार्टीला आत पाठवायचं, एवढंच काम. पण घर घेणाऱ्या माणसाच्या खिशात खरोखर किती पैसे उरलेत हे बँकेच्या मॅनेजरपेक्षा मला जास्त कळतं. कारण बँकेकडे तो पगाराची स्लिप घेऊन जातो आणि माझ्याकडे स्टॅम्प ड्युटी भरायला येतो.

शहरात जिकडेतिकडे 'हक्काचं घर'चे फ्लेक्स लागलेत. २० मे २०२५ ला राज्य मंत्रिमंडळानं नवीन गृहनिर्माण धोरण मंजूर केलं, 'माझे घर, माझा अधिकार'. २०३० पर्यंत ३५ लाख घरं, ७० हजार कोटींची गुंतवणूक. आधीचं धोरण २००७ चं होतं, त्यामुळे नवीन आलं ते बरंच झालं. पण घर स्वस्त करायचं म्हटलं की सरकारला आधी बांधायचंच आठवतं. जे घर बांधून तयार आहे आणि जे चाकणच्या कंपनीतल्या माणसाला जेमतेम परवडतंय, त्यावर सरकार स्वतः काय घेतं याकडे कुणी बघत नाही. मला आज त्याबद्दलच लिहायचंय.

एक हिशोब मांडते. मोशी-चिखलीकडे वन बीएचके, बांधकाम सुरू असलेलं, करारातली किंमत ३० लाख. बँक ९० टक्के कर्ज देते, म्हणजे २७ लाख. उरलेले ३ लाख स्वतःचे. बिल्डरच्या ऑफिसात याला ओसीआर म्हणतात, आणि 'ओसीआर भरला का' हा प्रश्न इतक्यांदा विचारतात की म्हाताऱ्या आज्यांनासुद्धा तो शब्द पाठ झालाय. इथपर्यंत लोकांची तयारी असते. पीएफ काढलेला असतो, भिशी उचललेली असते, गावाकडचं सोयाबीन विकलेलं असतं.

मग ते माझ्याकडे येतात. मुद्रांक शुल्क ५ टक्के, त्यावर महापालिकेसाठी १ टक्का, त्यावर मेट्रोसाठी १ टक्का. सात टक्क्यांचे झाले २ लाख १० हजार. नोंदणी फी ३० हजार. जीएसटी १ टक्का, तेही ३० हजार. एकूण २ लाख ७० हजार. आणि यातला मुद्रांक-नोंदणीचा एक रुपयाही गृहकर्जात बसत नाही. दहा लाखांच्या आतलं घर सोडलं तर मुद्रांक आणि नोंदणीचा खर्च घराच्या किमतीत धरून कर्ज द्यायचं नाही, असा रिझर्व्ह बँकेचाच नियम आहे. पुण्यात दहा लाखांचं घर कुठे मिळतं ते मला सांगा, मीच घेते.

सगळं अडतं ते इथे. ३० लाखांचं घर घेणाऱ्याला वीस वर्षं हप्ता भरता येतो, ते बँकेनं तपासलेलं असतं. त्याच्याकडे नसतात ते हे रोख पैसे. साठवलेली सगळी पुंजी ओसीआरमध्ये गेलेली असते आणि सरकारचा वाटा नेमका त्यानंतर येतो. मग पतसंस्थेचं कर्ज, सोनं गहाण, नाहीतर मोबाईलच्या ॲपवरचं कर्ज, ज्याचं व्याज गृहकर्जाच्या दुप्पट. एका पार्टीचं चलन तर दोन दिवसांत भरलं गेलं, कारण पैसे मेहुण्याच्या खात्यावर होते आणि त्याची यूपीआयची लाखाची मर्यादा संपली होती. रात्री बारा वाजता दुसरा दिवस लागल्या लागल्या त्यानं उरलेले पाठवले, आणि सकाळी नवरा-बायको शटर उघडायच्या आधी दारात उभे. नवऱ्याची रात्रपाळी होती, कंपनीचे बूटसुद्धा काढलेले नव्हते.

आता याच कुटुंबाला सरकार काय देतं तेही बघू. पंतप्रधान आवास योजना शहरी २.० मध्ये व्याजाचं अनुदान आहे, जास्तीत जास्त १ लाख ८० हजार. घराची किंमत ३५ लाखांपर्यंत, वार्षिक उत्पन्न ९ लाखांपर्यंत, देशात कुठेही पक्कं घर नको. हे पैसे पाच वर्षांत पाच हप्त्यांनी कर्जखात्यात जमा होतात. बरं, कर्ज २५ लाखांपर्यंतचंच हवं. म्हणजे बँक २७ लाख द्यायला तयार असली तरी अनुदान पाहिजे असेल तर २५ च घ्यायचे आणि वरचे ५ लाख आपले घालायचे. त्यात हे २ लाख ७० हजार मिळवा. ७ लाख ७० हजार रोख हातात असलेल्या माणसाला सरकार गरजू समजतं आणि पाच वर्षांत १ लाख ८० हजार देतं. आणि त्याआधी एकाच दिवसात, एकाच चलनावर, त्याच्याकडून राज्य सरकार २ लाख १० हजार घेतं. एक केंद्राचं, एक राज्याचं, हे मला कळतं. पण भरणारा एकच असतो ना.

हे सात टक्के मुंबईत सहा आहेत, हे किती जणांना माहीत असतं? मुंबईत महापालिकेचा तो वेगळा एक टक्का नाही. त्यामुळे वरळीला समुद्रासमोर पन्नास कोटींचा फ्लॅट घेणारा ६ टक्क्यांनी भरतो आणि चिखलीचा फिटर ७ टक्क्यांनी. मेट्रोचा एक टक्का २०२० पासून दोन वर्षं बंद होता, एप्रिल २०२२ पासून पुन्हा लागू झाला. चिखलीत मेट्रो नाही. पीएमपीची बस वेळेवर आली तरी आम्ही समाधान मानतो.

आणखी एक. आमच्याकडे साठेखतावरच, म्हणजे बिल्डरशी होणाऱ्या पहिल्या विक्री करारावरच, पूर्ण मुद्रांक लागतो. बांधकामाच्या जागी अजून खड्डा असतो, ताबा तीन वर्षांनी, तोवर भाडंही चालू आणि हप्ताही चालू. बिल्डर स्लॅबप्रमाणे पैसे घेतो, बँक स्लॅबप्रमाणे देते. सगळे पैसे पहिल्याच दिवशी वसूल करणारं सरकार तेवढं एकटं. सौदा रद्द झाला तर परताव्यासाठी वेगळी पायपीट. अर्धा मुद्रांक साठेखताला आणि अर्धा ताब्याच्या वेळी, एवढं जरी केलं तरी सोनं गहाण टाकायची निम्मी वेळ टळेल. यात तिजोरीचं कायमचं नुकसानही नाही, पैसे फक्त उशिरा येतील.

महिलांच्या सवलतीचं तर रोजचं नाटक आमच्या टेबलावर होतं. १ एप्रिल २०२१ पासून घर बाईच्या नावावर घेतलं तर १ टक्का सवलत आहे. ३० लाखांवर ३० हजार वाचतात. पण अट अशी की खरेदीदार फक्त महिलाच पाहिजे. नवऱ्याचं नाव शेजारी आलं की सवलत गेली. मी डेटा एंट्री करताना दोघांनाही सांगते, सांगणं माझं काम आहे.

"फक्त ताईंचं नाव टाकलं तर सहा टक्के, दोघांचं टाकलं तर सात."

मग शांतता. नवरा भिंतीवरच्या दरपत्रकाकडे बघतो, बायको पिशवीतल्या कागदांकडे. कुणीतरी गावाकडे फोन लावतं. एकजण मला म्हणाला, "मॅडम, हप्ता माझ्या पगारातून जाणार, मग माझं नाव कुठं?" त्याचंही काही चूक नाही. त्याची बायको लगेच म्हणाली, "टाका यांचंबी. उगं घरात वाद नको." त्या एका वाक्याला ३० हजार पडले. दुसऱ्या एका घरात उलटं झालं. सासऱ्यांनी फोनवर सांगितलं, सुनेच्या नावावर करा, पण माझं नाव सही करणाऱ्या साक्षीदारात घ्या. आणि ते खरंच तुळजापूरहून गाडी पकडून आले, टोपी नीट करून फोटो काढला, ओळखीच्या साक्षीदाराच्या रकान्यात सही केली.

गंमत म्हणजे आवास योजनेत महिलेच्या नावावर किंवा पती-पत्नीच्या संयुक्त नावावर घर चालतं. एका सरकारी योजनेला संयुक्त नाव म्हणजे बाईचा हक्क वाटतो, दुसऱ्या सरकारी सवलतीला ते पुरेसं वाटत नाही. सवलत घेतलेलं घर पंधरा वर्षं पुरुषाला विकायचं नाही, अशीही आधी अट होती, ती २०२३ मध्ये काढली. तसंच हेही काढा. पती-पत्नी दोघांच्या नावावर पहिलं घर असेल तरी सवलत द्या. मी पैजेवर सांगते, बायकांची नावं दस्तावर आजच्यापेक्षा जास्त येतील, कारण मग ते नाव घालायला कुणाला माघार घ्यावी लागणार नाही.

'सरकार एवढं उत्पन्न कसं सोडणार' हे मला आमच्याच ओळीतले लोक सांगतात. बरोबर आहे, मुद्रांक आणि नोंदणीतून राज्याला वर्षाला पन्नास हजार कोटींच्या वर मिळतात. पण हेच सरकार सोडूही शकतं हे आम्ही डोळ्यांनी बघितलंय. करोनात, सप्टेंबर ते डिसेंबर २०२०, मुद्रांक ५ वरून २ टक्के केला होता आणि पुढचे तीन महिने ३ टक्के. काय गर्दी होती! सर्व्हर बसायचा, लोक मास्क लावून जिन्यात उभे, आत एकावेळी चार माणसं. शेवटी सांगावं लागलं की मुदतीत मुद्रांक भरून ठेवा, नोंदणी चार महिन्यांत केली तरी चालेल. त्या सवलतीनं माझं दुकान तरलं, मी नाव कशाला ठेवू. पण ती सवलत सगळ्यांना सारखी होती. ३० लाखांच्या घराला ९० हजार वाचले आणि १० कोटींच्या फ्लॅटला ३० लाख वाचले. म्हणजे एका श्रीमंताच्या सवलतीत तेहतीस फिटरांची सवलत बसली असती. सोडायचंच होतं तर पहिल्या घराला सोडायचं.

कसं सोडायचं हेही काही नवीन शोधायला नको. आवास योजनेच्या मंजूर प्रकल्पातल्या दुर्बल आणि अल्प उत्पन्न गटाच्या घरांना पहिल्या दस्ताला फक्त हजार रुपये मुद्रांक लागतो. आमच्या महापालिकेचा बोऱ्हाडेवाडीचा प्रकल्प घ्या. ऑगस्ट २०२३ मध्ये तिथली १,२८० हून जास्त घरं दिली. सोडतीत नाव लागलेल्यांचे चेहरे मी बघितलेत. पण अर्ज किती आणि घरं किती! ज्याचं नाव लागलं नाही तो माणूस गरीब राहिलाच की. तो बाहेर येऊन मोशीत खासगी बिल्डरकडे घर घेतो आणि हजाराऐवजी २ लाख १० हजार भरतो. नशिबानं सोडत लागली तर हजार, नाही लागली तर दोन लाख. यात धोरण कुठे आहे?

शेजारच्या कर्नाटकात २० लाखांपर्यंत २ टक्के, २० ते ४५ लाखांना ३ टक्के, त्याहून महाग घराला ५ टक्के, असे टप्पे आहेत. वर उपकर लागतो, आणि २०२५ मध्ये त्यांनी नोंदणी फी १ वरून २ टक्के केली, म्हणजे तेही काही दानशूर कर्ण नाहीत. पण लहान घर आणि मोठं घर यात फरक करायचा असतो, हे त्यांनी तरी मान्य केलंय. आपल्याकडे उलट रेडीरेकनर, म्हणजे सरकारनं ठरवलेला जागेचा दर, वाढतो आणि त्याबरोबर मुद्रांक आपोआप वाढतो. एप्रिल २०२५ मध्ये पिंपरी-चिंचवडची सरासरी वाढ ६.६९ टक्के होती. करारातली किंमत आणि रेडीरेकनर यातली जी जास्त, तिच्यावर मुद्रांक.

माझी मागणी साधी आहे. ज्याच्या किंवा जिच्या नावावर कुठेही घर नाही, आणि जे घर घेतलं जातंय ते ४५ लाखांच्या आत आणि ६० चौरस मीटर चटईच्या आत आहे, त्याला मुद्रांक १ टक्का. महापालिकेचा आणि मेट्रोचा एकेक टक्का माफ. तिसरं-चौथं घर गुंतवणूक म्हणून घेणाऱ्याला वाटलं तर एक टक्का जास्त लावा. खोटं बोलतील म्हणाल तर आवास योजनेत स्वयंघोषणापत्र घेताच ना? आधार घेता, अंगठा घेता, कुणाच्या नावावर कुठला दस्त झाला हे सांगणारी संगणकीकृत सूची दोन तुमच्याच सर्व्हरवर आहे. खोटं निघालं तर दंडासकट वसूल करा, त्यासाठी कायद्यात कलमं कमी नाहीत.

वीस टक्क्यांच्या योजनेबद्दल थोडक्यात लिहिते, कारण त्यावर बोलायला लागले तर रात्र पुरणार नाही. चार हजार चौरस मीटरपेक्षा मोठ्या भूखंडावरच्या प्रकल्पात २० टक्के घरं छोटी ठेवून म्हाडाच्या सोडतीतून द्यायची, हा नियम चांगला आहे. वाकड-ताथवड्यासारख्या ठिकाणी सामान्य माणसाला घर मिळण्याचा तो एकमेव रस्ता आहे. पण मग भूखंडाचे तुकडे चार हजारांच्या आत बसतील असे का पडतात, हे नकाशा मंजूर करणाऱ्याला दिसत नसेल यावर माझा विश्वास नाही. एका मालकाची लागून असलेली सगळी जमीन एकत्र मोजा, विषय संपला.

आणि हे सगळं महाग पडतं म्हणून लोक काय करतात? अर्धा गुंठा घेतात. माझंच घर तसं आहे. दिवसभर मी दुसऱ्यांची घरं त्यांच्या नावावर करून देते आणि मी स्वतः राहते ते घर शंभराच्या स्टॅम्पपेपरवर, नोटरी करून घेतलेलं. वीजमीटर आमच्या नावाचं, महापालिकेची कराची पावती आमच्या नावाची, सातबाऱ्यावर मात्र मूळ मालकाच्या नातवंडांची नावं. बांधकामाला परवानगी नाही म्हणून वर्षानुवर्षं शास्तीकर लागत होता, तो २०२३ मध्ये माफ झाला तेव्हा गल्लीत पेढे वाटले. तुकडेबंदी कायदा १९४७ चा, शेतीचे फार लहान तुकडे होऊ नयेत म्हणून आणलेला. चिखलीत कोण शेती करतंय? जुलै २०२१ च्या परिपत्रकानं अशा तुकड्यांची नोंदणी थांबवली, मग प्रकरण कोर्टात गेलं, २०२५ मध्ये सरकारनं आधी पडलेल्या तुकड्यांना सूट जाहीर केली. तोवर नोंदणी नाही म्हणून कर्ज नाही, आणि कर्ज नाही म्हणून सावकार. पहिलं कायदेशीर घर नावावर करायचा खर्च कमी केला असता तर यातली कितीतरी कुटुंबं अर्ध्या गुंठ्याच्या वाटेला गेलीच नसती. आम्हीही नसतो गेलो.

पण कायदेशीर वाट धरली तरी पुढचा धोका आहेच. मे २०२५ मध्ये आमच्या चिखलीत इंद्रायणीच्या निळ्या पूररेषेतले ३६ बंगले हरित लवादाच्या आदेशावरून पाडले. तिकडे कल्याण-डोंबिवलीत ६५ इमारतींनी महापालिकेच्या बनावट परवानग्या दाखवून महारेराचे, म्हणजे बांधकाम प्रकल्पांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाचे, नंबर मिळवले होते. लोकांनी नंबर बघून घरं घेतली, बँकांनी कर्जं दिली, दस्त नोंदले गेले, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयानं त्या पाडायला सांगितलं. नोंदणी कार्यालय दस्त नोंदतं, इमारतीची परवानगी खरी की खोटी हे तपासणं त्याचं काम नाही, असं कायदा सांगतो. मान्य. पण सात टक्के घेणाऱ्यानं किमान महापालिकेची परवानगी आणि पूररेषा आपल्या संगणकाला जोडावी, एवढी अपेक्षा जास्त आहे का? साठेखताची डेटा एंट्री करताना मी प्रकल्पाचा नंबर टाकते. तो टाकल्यावर स्क्रीनवर महापालिकेच्या बाजूनं हिरवी किंवा लाल खूण यावी. लाल आली तर चलनच निघू नये. मी स्वतः पार्टीला परत पाठवीन, माझे टायपिंगचे पैसे बुडाले तरी चालतील.

रेडीरेकनर दरवर्षी १ एप्रिलला लागतो आणि अर्थसंकल्प त्याआधी मार्चमध्ये येतो. मुद्रांकात काही बदलायचं असेल तर आमदार-मंत्री ते त्या दिवसांत ठरवतात, आणि तेव्हा त्यांच्याकडे बिल्डरांच्या संघटनांची निवेदनं पोचलेली असतात, चाकणच्या फिटरांची नाही. मी आमच्या ओळीतल्या दुकानदारांना सांगून एक कागद तयार केलाय: पहिल्या घराला १ टक्का, पती-पत्नीच्या संयुक्त नावाला महिलांची सवलत, मुद्रांक दोन टप्प्यांत. ज्याचं साठेखत आमच्याकडे होतं त्याला सही करायची का विचारते, आणि आजवर नाही कुणीच म्हणालं नाही. तुमच्या भागात नोंदणी कार्यालयाजवळ असं दुकान असेल तर त्यांनाही विचारा. मसुदा हवा असेल तर खाली लिहा, पाठवते. टायपिंगचे पैसे घेणार नाही.